सगळ्यांचे बाबा

बेबीताईंच्या वडिलांना सगळा देश बाबा म्हणायचा. एकट्या बेबीताई तेवढ्या त्यांना साहेब म्हणत. यात रागरुसव्याचा काही भाग नव्हता. घरात स्वयंपाकाच्या बाई, माळी, ड्रायव्हर, सकाळी फायली घेऊन येणारे चिटणीस, सगळे 'साहेब उठले', 'साहेब निघाले' म्हणायचे, आणि बोलायला लागलेलं मूल कानावर पडेल ते उचलतं. आईने सुरुवातीला दोन-चारदा दुरुस्त करून बघितलं. "साहेब नाही गं, बाबा म्हण." पण म्हणून दाखवायला माणूस समोर हवा ना. ते घरी यायचे तेव्हा बेबी झोपलेली असायची आणि ती उठायची तेव्हा दिवाणखान्यात पाहुण्यांच्या चपला दारापर्यंत आलेल्या असायच्या. आईने शेवटी नाद सोडला. तिला चहाच्या आधणापुढून हलायलाच फुरसत नव्हती.

बेबी सहा वर्षांची असताना देश झाला. म्हणजे जमीन, नदी, माणसं सगळं आधीपासून होतंच, पण त्याला स्वतःचं नाव आणि झेंडा मिळाला, आणि तिच्या वडिलांचा फोटो तिच्या वर्गात फळ्याच्या वर लागला. शेजारच्या बाकावरच्या मुलीने बोट दाखवून सांगितलं, "हे आपले बाबा." बेबीने तिची वेणी ओढली. बाईंनी दोघींना पुढे बोलावलं आणि बेबीला समजावलं, की ते आता तुझ्या एकटीचे नाहीत, सगळ्यांचे आहेत. बेबीने थोडा विचार केला आणि त्या मुलीला म्हणाली, "मग तुझे मला दे." वर्ग हसला. बाईही हसल्या. ही गोष्ट कुणीतरी वर्तमानपत्रात छापली, आणि 'बाबांची विनोदी कन्या' म्हणून बेबीचं पहिल्यांदा नाव झालं. ती विनोद करत नव्हती हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

बेबी एकोणीस वर्षांची असताना बाबा गेले. त्यानंतर तिला कुठलंही पद मिळालं असतं. वकिलातीत पाठवतो म्हणाले, मुलींच्या वसतिगृहाची प्रमुख करतो म्हणाले. तिने कवळ्या करायचं शिक्षण घेतलं. दातांच्या एका डॉक्टरांच्या दवाखान्यामागे बारा फूट लांबीची खोली होती, तिथे ती कामाला लागली आणि चाळीस वर्षं तिथेच राहिली. खिडकीखाली लांब टेबल, टेबलावर प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले, मेण वितळवायचा दिवा, घासायचं यंत्र, आणि सगळ्यावर पांढरी धूळ. तिला ते काम फार आवडलं. कवळी तोंडात बसली तर बसली, नाही बसली तर माणूस दुसऱ्या दिवशी येऊन ती टेबलावर काढून ठेवतो. भाषणाला ही सोय नाही, असं ती म्हणायची.

लग्न तिने शाळेत कवायत शिकवणाऱ्या एका मास्तरांशी केलं. हा माणूस संध्याकाळी साडेपाचला घरी यायचा. तेवढ्या एका गुणावर मी त्याला होकार दिला, असं ती मैत्रिणींना सांगे, आणि त्यात फार थट्टा नव्हती. मास्तरांनी मुलाला न्हाऊ घातलं, डबे भरून दिले, पोहायला शिकवलं, पाढे म्हणून घेतले. आणि एवढं सगळं करून पोराच्या खोलीत फोटो कुणाचा लागला, तर आजोबांचा, ज्यांना त्याने जन्मात पाहिलं नव्हतं. मास्तर हसून सोडून द्यायचे. बेबीताईंच्या मात्र अंगाचा तिळपापड व्हायचा. मास्तर वारल्यावर तर त्या मुलाला 'चिरंजीव' म्हणू लागल्या. पत्रिकेत छापतात तसं, लांबून.

चिरंजीव विमा कंपनीत होते. बायको होती, दीड वर्षाची ठमी होती, आणि दर संध्याकाळी पक्षाच्या कचेरीत बैठक होती.

आता बेबीताई बासष्ट वर्षांच्या झाल्या तरी गल्लीतल्या शेंबड्या पोरापासून दवाखान्यातल्या डॉक्टरांपर्यंत सगळे त्यांना बेबीताईच म्हणत. अशात बाबांची जन्मशताब्दी आली.

शताब्दी समितीचे सचिव थेट कामाच्या खोलीत आले. तरुण होते, इस्त्रीचे होते, आणि कुठे बसावं ते त्यांना कळेना, कारण रिकाम्या खुर्चीवर खालचे जबडे वाळत ठेवलेले होते.

"ताई, मुख्य सोहळ्यात आपलं भाषण ठेवलंय," ते उभ्यानेच म्हणाले. "विषय अगदी सोपा आहे. वडील म्हणून बाबा."

"मला त्यातलं काही माहीत नाही," बेबीताई म्हणाल्या.

"आपण कन्या आहात."

"मी कन्या आहे. ते वडील होते का, ते मला सांगता येणार नाही. ते घरी नसत."

सचिवांनी मान डोलावली, जणू हे उत्तर त्यांच्याकडे लिहून आणलेलं होतं. "हेच, ताई. हेच लोकांना ऐकायचंय. एखादी आठवण. रात्री गोष्ट सांगत असतील, सायकल शिकवली असेल..."

"सायकल ड्रायव्हरकाकांनी शिकवली."

"गाडी बाबांचीच होती ना पण?"

बेबीताईंनी हातातली कवळी खाली ठेवली. असल्या माणसांशी वाद घालणं म्हणजे ओल्या प्लास्टरवर सही करण्यासारखं, हे त्यांना अनुभवाने माहीत होतं. त्या नाही म्हणाल्या. पुन्हा नाही म्हणाल्या. सचिव नमस्कार करून गेले आणि संध्याकाळी चिरंजीव घरी आले ते तोंडभर हसतच. त्यांनी आईच्या वतीने होकार कळवला होता.

"मला न विचारता?"

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

"म्हणूनच विचारतात."

"आई, सगळा देश ऐकणार आहे. रेडिओवर जाणार आहे. तुला त्याचं काहीच कसं वाटत नाही?"

सूनबाई ठमीला भरवत होत्या. त्या मान वर न करता म्हणाल्या, "आज तिचं औषध आणायचं होतं." चिरंजीवांनी जीभ चावली आणि परत चपला घातल्या. दुकान बंद झालेलं होतं.

खरं सांगायचं तर बेबीताईंकडे एक आठवण होती. शाळेत असताना एका रविवारी साहेबांनी तिला प्राणिसंग्रहालयात न्यायचं कबूल केलं होतं, आणि विशेष म्हणजे ते खरोखरच गाडीत येऊन बसले. बेबीला जिराफ बघायचा होता. वाटेत तिने त्यांना विचारलं, जिराफाचा घसा दुखला तर किती दुखत असेल, आणि साहेब हसले. फाटकापाशी उतरले तर लोकांनी ओळखलं. "पाच मिनिटांत आलो," असं तिला सांगून ते गर्दीत शिरले. कुणीतरी त्यांना ओट्यावर चढवलं. ते बोलू लागले. बेबी गाडीत बसून राहिली. ऊन उतरलं, तिकिटाची खिडकी लागली, पहारेकऱ्याने साखळी घातली. तेव्हा ड्रायव्हरकाकांनी गाडी भिंतीच्या कडेने मागच्या बाजूला नेली, तिला उचलून टपावर उभं केलं आणि म्हणाले, "ते बघ, ते." भिंतीपलीकडे झाडांच्या वर एक मान होती. ती मान फिरली, तिच्याकडे बघितलं आणि खाली गेली. एवढाच जिराफ तिच्या वाट्याला आला.

भाषणाचा दिवस जवळ येऊ लागला तशा त्या ड्रायव्हरकाकांकडे जायला निघाल्या. वडील म्हणून बाबांचं काही माहीत असेल तर ते यांनाच असेल, असं त्यांना वाटलं. काका आता नव्वदीच्या पुढे गेले होते आणि मुलीकडे राहत होते. मुलीला सगळे अक्का म्हणत. ती बसस्थानकात तिकीट खिडकीवर होती, नुकतीच निवृत्त झाली होती, आणि बेबीताईंच्याच वयाची होती. दार तिनेच उघडलं. घर दोन खोल्यांचं होतं, पलंग खिडकीशी लावलेला, पलंगाखाली गरम पाण्याची पिशवी आणि वर्तमानपत्रांचा गठ्ठा.

"बेबीताई आल्यात," अक्काने आत सांगितलं. आवाजात आनंद असा काही नव्हता.

काकांनी ओळखलं. हात हातात घेतला. बेबीताईंनी आडवळण न घेता विचारलं, "काका, साहेब माझ्याबद्दल कधी काही बोलायचे का?"

"बोलायचे म्हणजे? रोज. गाडीत बसले की पहिला प्रश्न तोच. आज बेबीने काय केलं? मग मी सांगायचो. आज सायकलवरून पडली, आज गणितात रडली, आज मुलींशी भांडली. सगळं ऐकून घ्यायचे. कधी ऐकता ऐकता झोप लागायची त्यांना. मग मी गाडी हळू चालवायचो."

बेबीताई ऐकतच राहिल्या. साठ वर्षांत ही गोष्ट त्यांना कुणी सांगितली नव्हती. डोळे भरून यावेत अशीच ती होती, पण आला तो संताप.

"तुम्हाला विचारायचे? मी घरातच होते की, काका. जिना चढून वर यायचं आणि मला विचारायचं."

"घाबरायचे ते तुम्हाला."

"मला? मी एवढीशी होते."

"मोर्चात गोळीबार झाला तेव्हा हा माणूस पुढे उभा होता, मी पाहिलंय. पण तुमच्या खोलीच्या दारातनं परत फिरायचे. म्हणायचे, तिने काही मागितलं तर काय देऊ. नंतर येईन. सवड झाली की येईन."

"आणि आमच्याकडे कधी यायची होती सवड?" हे अक्का बोलली. ती दाराच्या चौकटीला टेकून उभी होती, हातात चहाचा ट्रे.

काका म्हणाले, "अगं, त्या पाहुण्या आहेत."

"असू देत. बेबीताई, राग मानू नका. तुम्ही सायकल शिकलात ना? मागून धरून कोण धावायचं? हेच धावायचे. मी माझी माझी शिकले. ही हनुवटी बघा." हनुवटीवर जुना व्रण होता. "तुमचे रविवार, तुमची शाळेची संमेलनं, तुमचा गोवर. तुमचे वडील देश बांधत होते आणि माझे वडील तुम्हाला सांभाळत होते. तुम्हाला निदान फोटो तरी होता भिंतीवर. तक्रार केली तर लोक ऐकतात. मी कुणाकडे जाऊ? ड्रायव्हर घरी नसायचा, हे सांगून कोण ऐकणार आहे?"

बेबीताईंनी जन्मभर स्वतःला फसवली गेलेली बाजू समजलं होतं. या घरातही कुणी जेवायला वाट बघत बसलेलं असेल, हे त्यांच्या कधी मनातच आलं नव्हतं. त्या चहा प्यायल्या. उठताना अक्काला म्हणाल्या, "तुमचं खरं आहे." अक्का म्हणाली, "खरं असून काय करू?" आणि दार लावून घेतलं.

सोहळा मोठ्या सभागृहात झाला. व्यासपीठावर इतक्या खुर्च्या होत्या की मागची रांग पडद्यात शिरली होती. बेबीताईंच्या आधी पाच जण बोलले. पाचही जणांनी बाबांना वटवृक्ष म्हटलं. सचिवांनी लिहून दिलेला कागद बेबीताईंच्या पर्समध्ये होता. त्यात गोष्टी होत्या, अंगाई होती, आणि सायकलही होती. तो त्यांनी बाहेर काढलाच नाही. माइकसमोर उभं राहून त्यांनी प्राणिसंग्रहालयाची हकीकत सांगितली, जशी घडली तशी. पाच मिनिटं म्हणाले आणि फाटक बंद झालं. मी गाडीत बसून होते. जिराफ मला ड्रायव्हरकाकांनी दाखवला, वडिलांनी नाही. काकांची स्वतःची मुलगी त्या रविवारी घरी वाट बघत होती. त्यानंतर साहेबांनी मला पुन्हा कुठेही नेलं नाही.

त्या थांबल्या. मग कुणीतरी टाळी वाजवली, आणि बघता बघता सगळं सभागृह उभं राहिलं. बायका पदराने डोळे टिपत होत्या. अध्यक्ष माइकपाशी आले. ते म्हणाले, पोटच्या मुलीला गाडीत ठेवून जो जनतेत मिसळला, त्या त्यागाला तोड नाही. जिराफाची मान हे राष्ट्राच्या उंच मानेचं प्रतीक आहे, असंही ते म्हणाले.

बेबीताई खुर्चीत येऊन बसल्या आणि कपाळ धरलं. पहिल्या रांगेत चिरंजीव ढसाढसा रडत होते. सचिव मागून वाकून कानात म्हणाले, "ताई, अप्रतिम. कागदात होतं त्यापेक्षा हेच छान."

"मी तक्रार करत होते," बेबीताई म्हणाल्या.

"तोच तर त्यातला गोडवा," सचिव म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्या कामावर गेल्या आणि एका कवळीचे समोरचे दात तीनदा चुकीचे बसवले. दुपारी खोलीच्या दारात अक्का उभी होती. तिने रेडिओवर ऐकलं होतं.

"तुम्ही रडगाणं गायलंत आणि लोकांनी टाळ्या पिटल्या," ती म्हणाली.

"उभं राहून पिटल्या."

"आणि ते जिराफाचं राष्ट्र?"

बेबीताईंनी हात जोडले. अक्काला हसू फुटलं. ते बघून बेबीताईंनाही आवरेना, आणि त्या दोघी प्लास्टरच्या जबड्यांमध्ये बसून इतक्या हसल्या की डॉक्टर पेशंटला तसंच आ करून ठेवून बघायला आले. जाताना अक्का म्हणाली, "माझं नाव घेतलं नाहीत, पण उल्लेख केलात. आमच्या अण्णांनी, म्हणजे तुमच्या काकांनी, ऐकला. मग मला म्हणाले, त्या रविवारी तू घरी होतीस होय? मी म्हटलं, नाही, मी परदेशी गेले होते." त्यानंतर ती दर आठ-पंधरा दिवसांनी येऊ लागली. बसायला खुर्ची नसे, म्हणून तिने स्वतःच एक स्टूल आणून ठेवलं.

घरी मात्र आगीत तेल पडलं होतं. भाषणाने भारावलेल्या पक्षाने चिरंजीवांना निवडणुकीचं तिकीट दिलं.

"तीन महिन्यांचा दौरा आहे फक्त," चिरंजीव म्हणाले. "मग आहेच की घरी."

"निवडून आलास तर?"

"मग... थोडं बाहेर राहावं लागेल. पण ठमीला पुढे अभिमानच वाटेल. तुला नाही वाटत?"

बेबीताईंनी भांडं आपटलं. "अरे, त्या दिवशी मी बोलले ते तुझ्या कानात गेलं की नुसतं डोळ्यांतून बाहेर पडलं?"

"आई, तू इतकं सुंदर बोललीस, म्हणून तर मला बळ आलं."

बेबीताईंनी सूनबाईंकडे बघितलं, सूनबाईंनी बेबीताईंकडे. शनिवारी सकाळी दोघींनी साड्या बदलल्या, ठमीला चिरंजीवांच्या मांडीवर ठेवलं आणि संध्याकाळी येतो म्हणून निघून गेल्या. त्याच दिवशी पक्षाचे लोक घरी यायचे होते, हे दोघींना पक्कं माहीत होतं. अक्काकडे जाऊन त्या निवांत पत्ते खेळत बसल्या. आता बसू दे त्याला दूध गरम करत, असं त्या म्हणाल्या.

परत आल्या तेव्हा घर लख्ख होतं. पक्षाने छायाचित्रकार आणला होता. खांद्यावर ओकारीचा डाग, कडेवर ठमी, हातात बाटली, असा चिरंजीवांचा फोटो निघाला आणि आठ दिवसांत शहरभर लागला. खाली लिहिलं होतं, 'बापाच्या मायेने देश सांभाळणार.' ठमीला पोस्टरवर स्वतःचं तोंड दिसलं की ती बाटली मागायची.

"यांच्यापुढे काही चालत नाही," बेबीताई अक्काला म्हणाल्या. "काहीही फेका यांच्याकडे. झेलतात आणि हार घालतात."

तीन महिने चिरंजीव गावोगाव हिंडले. ठमीला दोनदा ताप येऊन गेला, तिचे सुळे आले, ती पळायला लागली. निवडणुकीत चिरंजीव चौथे आले. लोकांना बाबांबद्दल अपार आदर होता, पण गटारांचं काय करणार, हे त्यांना नातवाकडून ऐकायचं होतं आणि नातू त्यागाबद्दल बोलत होता.

तो घरी आला तेव्हा ठमी आईच्या पायांमागे लपली. त्याने हात पुढे केला, ती रडली. त्याने खुळखुळा वाजवला, ती आणखी रडली. बासष्ट वर्षांच्या आयुष्यात बेबीताईंना हा प्रसंग बापाच्या बाजूने कधी बघायला मिळाला नव्हता. चिरंजीव दारातच उभे राहिले, घामेजलेले, आवाज बसलेला, आणि त्यांची पावलं मागे वळू लागली.

"संध्याकाळी बघतो," ते पुटपुटले. "जरा शांत झाली की येईन."

"आत्ताच बस," बेबीताई म्हणाल्या. "इथे, खाली. फरशीवर. काही करू नकोस, बोलू नकोस. नुसता बस."

"किती वेळ?"

"ते तुला कुठलं कळणार? बस."

तो बसला. पाठीला भिंत, पाय पसरलेले, चेहरा फजीत झालेला. ठमी लांबून बघत राहिली. स्वयंपाकघरात सूनबाईंनी कुकर लावला, उतरवला. बऱ्याच वेळाने ठमी आली आणि त्याच्या मोज्याचं भोक बोटाने मोठं करू लागली. त्याने करू दिलं.

आता तो ठमीला सकाळी पाळणाघरात सोडतो. रोज उशीर करतो, रोज काहीतरी विसरतो, मग पाळणाघरातून फोन येतो तो सूनबाईंना, त्या चिडून बेबीताईंना लावतात आणि बेबीताई हातातलं काम टाकून विमा कंपनीत फोन करतात. पुढच्या निवडणुकीला उभं राहायचं खूळ काही त्याच्या डोक्यातून गेलेलं नाही. मध्यंतरी जेवताना त्याने विषय काढलाच.

"खुशाल उभा राहा," बेबीताई म्हणाल्या. "मी विरोधात अर्ज भरते. बाबांची सख्खी मुलगी आहे मी, आणि गटारांबद्दल मला पुष्कळ बोलायचंय."

तो हसला. मग त्याने आईच्या चेहऱ्याकडे नीट बघितलं आणि वरण वाढून घेतलं.